जबड्याचा सांधा, चावण्याचे स्नायू आणि उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला दंतवैद्य म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्या मराठी घरांतून जबड्याबद्दल जे प्रश्न व्हॉट्सॲपवर सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, मध्येमध्ये हिंदी मिसळलेली. वेळ कमी असेल तर प्रश्न 16 आधी वाचा. त्यातलं काही तुम्हाला लागू असेल तर बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

1. जबड्याचा सांधा नेमका कुठे असतो? मला तर कानापाशी दुखतं.

तिथेच असतो. कानाच्या छिद्रासमोर जो लहानसा उंचवटा आहे, त्याच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली खळगा पडतो आणि भरतो, तोच सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये चिवट कुर्चेची एक चकती असते. तोंड उघडताना हे डोकं आधी जागच्या जागी फिरतं, मग चकतीला सोबत घेऊन पुढे घसरतं. उजवा आणि डावा सांधा एकाच हाडाला जोडलेले आहेत, त्यामुळे एक रुसला की त्याचं काम दुसऱ्याच्या अंगावर पडतं.

2. मग दुखतं ते सांध्यात की स्नायूंत?

माझ्याकडे येणाऱ्यांत बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं निघतं. दोन्ही तळवे गालांवर ठेवा आणि दाढा घट्ट आवळा. हाताखाली टणक गोळा येतो, तो मॅसेटर. कानशिलावर हात नेलात तर तिथेही हालचाल कळेल, तो टेम्पोरॅलिस. आतल्या बाजूला टेरिगॉइड नावाचे आणखी दोन आहेत, ते असे सहज हाताला लागत नाहीत. या चार जोड्यांपैकी तीन तोंड मिटायच्या कामाच्या आहेत. दोन टेरिगॉइडपैकी बाहेरच्या बाजूचा मात्र जबडा पुढे ओढतो, तोंड उघडायला मदत करतो.

तपासायच्या आधीच मला अंदाज येतो तो रुग्णाच्या हातावरून. कुठे दुखतं विचारल्यावर जो अख्खा तळवा गालावरून कानशिलापर्यंत फिरवतो, त्याचे बहुधा स्नायू दुखत असतात. एकच बोट कानापुढे टेकवून "इथं" म्हणतो, त्याचा सांधा. दोन्ही एकत्र असणंही नेहमीचंच.

3. दात दिवसभर एकमेकांना टेकलेलेच असतात ना?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण अर्धा उपचार याच्या उत्तरातच आहे. नाही, टेकलेले नसतात. ओठ मिटलेले असले तरी आत वरच्या-खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर फट असायला हवी. जेवताना आणि आवंढा गिळताना दात टेकतात तेवढे धरून चोवीस तासांत मिळून साधारण 15-20 मिनिटंच होतात.

भंवरकुआँला क्लासला जाणारी एक मुलगी आली होती, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी. "मॅम, मी दात खात नाही," असं ठामपणे सांगितलं. तिला मोबाइलच्या मागे एक लाल टिकली चिकटवायला लावली. टिकली दिसली की आत्ता दात टेकलेत का एवढंच बघायचं. आठवड्याने वही घेऊन आली, पानभर रेघा. गणित सोडवताना, गाडीवर सिग्नलला, आईशी फोनवर बोलताना, सगळीकडे दात आवळलेले. या दिवसाच्या आवळण्याला आवाज नसतो, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. स्नायू मात्र तासन्‌तास राबतो.

जीभ कुठे असावी? "न" म्हणताना टेकते तिथे किंवा त्याच्या किंचित मागे. "ळ" इतकी मागे नको. जीभ तिथे सैल टेकलेली असली की दात आपोआप सुटे राहतात.

4. नवरा रात्री करकर दात खातो, माझी झोप उडते. हा आजार आहे का?

झोपेत चावण्याचे स्नायू सेकंदाला साधारण एकदा, असे लागोपाठ आखडतात. झोप क्षणभर उथळ होते तेव्हा हे घडतं. नाडी आधी वाढते आणि मग दात घासले जातात. 2018 साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने मांडलं की एरवी निरोगी असलेल्या माणसात ही स्नायूंची एक क्रिया आहे, तिला सरसकट आजार म्हणू नये. दात झिजत असतील, सकाळी कानशिलं ठणकत असतील, तर उपाय करायचा. दुपारनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखूने हे वाढतं.

ते जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकतो का, हेही बघा. तसं असेल तर माझ्याआधी झोपेच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जायला हवं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाणं सुरू होतं. पण गोळी मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

5. मुलगा झोपेत दात खातो. आजी म्हणतात जंत झालेत.

जंतांचं औषध शाळेत मिळतंच, ते जरूर द्या. त्याने दात खाणं थांबेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. बहुतेक मुलांचं हे वयाबरोबर आपोआप कमी होतं. तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी दाखवून घ्या. दुधाच्या दातांना नाईट गार्ड (रात्री दातांवर बसवायचं कवच) नको.

6. एका सेंटरमध्ये गालाला तारा लावून ईएमजी काढली. रिपोर्टमध्ये "मसल हायपरॲक्टिव्हिटी" आलंय. आता?

आधी मला सांगा, दुखतं का? तोंड उघडायला त्रास होतो का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तो कागद फाइलला लावून ठेवा.

ईएमजीमध्ये त्वचेवर चिकटपट्ट्या लावून स्नायूत तयार होणारी वीज मोजतात, मायक्रोव्होल्टमध्ये. पट्टी बोटभर इकडेतिकडे झाली, त्वचेखाली चरबी जास्त असली, दाढी असली, मान जरा वळली, तरी आकडा बदलतो. आणि दुखणाऱ्या व न दुखणाऱ्या माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका आकड्यावरून कोण आजारी ते सांगता येत नाही.

यामागे एक जुनी समजूत आहे. दुखलं की स्नायू आखडतो, आखडला की आणखी दुखतो, असं चक्र धरून वर्षानुवर्षं उपचार होत आले. 1991 मध्ये लुंड नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने-नवे पुरावे तपासून वेगळं चित्र मांडलं. दुखत असताना आवळणारा स्नायू उलट कमी जोर लावतो आणि त्याच्या विरुद्धचा थोडा जास्त जागा राहतो. परिणाम असा की जबडा हळू आणि कमी हलतो, दुखऱ्या भागाची राखण होते. पाय मुरगळल्यावर आपण लंगडतो ना, तसंच. ही मांडणीही सगळ्या रुग्णांना तंतोतंत लागू पडत नाही, पण "आकडा खाली आणला की दुखणं गेलं" या हिशेबातली हवा तिने काढून घेतली.

ईएमजी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत ती लागते, संशोधनात लागते. बायोफीडबॅकमध्ये स्वतःचं आवळणं पडद्यावर पाहून सैल सोडायला शिकवतात, तिथेही कामी येते. तिच्या जोरावर दात मशीनने घासून कमी करायचा किंवा दातांवर बसणारी महागडी पट्टी बनवायचा सल्ला मिळाला असेल तर प्रश्न 13 वाचा.

7. तोंड उघडताना "कट" आवाज येतो. पुढे जाऊन लॉक होईल का?

नुसता आवाज, दुखणं नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर उपचार नको. चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना हाड परत तिच्यावर चढतं, तो हा आवाज. असे आवाज असणारे लोक पुष्कळ असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांचा जबडा अडकतो. मुद्दाम आवाज काढून मित्रांना ऐकवायचं तेवढं बंद करा. वाळूवर चप्पल घासल्यासारखा करकर आवाज वेगळा, तो सांध्याच्या झिजेचा असू शकतो. झीज असूनही दुखत नाही असं उतारवयात बरेचदा दिसतं.

8. काल सकाळी उठले तर तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. पूर्वी कटकट व्हायची, ती बंद झालीय.

कटकट बंद झाली ही इथे चांगली खूण नाही. चकती पुढे अडकून बसली आणि हाड तिच्यावर चढू शकत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतात. ओढून-ताणून उघडू नका आणि आठवड्याच्या आत दाखवा. सुरुवातीला हाताने हळुवार सैल करून फरक पडतो. नंतरही व्यायामाने बहुतेकांचं काही महिन्यांत बरंच सुधारतं, चकती जागेवर आली नाही तरी. तेवढ्याने भागलं नाही तर दोन सुयांनी सांधा धुतात. भूल देऊन होणारी छोटी प्रक्रिया आहे.

तोंड एका रात्रीत न अडकता महिनोन्‌महिने हळूहळू कमी उघडत गेलं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

9. भाऊ सुपारी खातो. त्याचं तोंड कमी उघडतं, म्हणतो जबड्याचा प्रॉब्लेम आहे.

बहुधा जबड्याचा नाही. मध्य प्रदेशात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. त्यानंतर पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागला, खाणारा हातावर एकत्र करतो. "मी गुटखा खात नाही, नुसती मीठी सुपारी" हे वाक्य मी रोज ऐकते. नुसती सुपारीही पुरते. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतलं अस्तर घट्ट होत जातं आणि तिथे दोरीसारखे पट्टे तयार होतात.

घरी बघता येतं. मोबाइलची बॅटरी लावून गालाचा आतला भाग पाहा. निरोगी गाल गुलाबी आणि ओला असतो, हा पांढुरका, संगमरवरासारखा दिसतो. बोट फिरवलं तर ताठ पट्टा लागतो. सांध्याच्या रुग्णाला तिखट झोंबत नाही, याला साधी भाजीसुद्धा झोंबते. या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून सुपारी आजच सुटायला हवी आणि तोंडाची तपासणी आयुष्यभर अधूनमधून करायला हवी. नाईट गार्डचा इथे काडीचा उपयोग नाही.

10. जांभई दिली आणि तोंड मिटेचना. असं परत झालं तर?

सांधा पुढे निसटलेला असतो. हनुवटीवर ठोसा मारणं, "भिया, एक झटका देतो" म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती जबडा देणं, दोन्ही टाळा. खालच्या जबड्याला रुमालाचा आधार द्या आणि थेट दवाखाना गाठा. डॉक्टर अंगठे कापडात गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवतात, खाली दाबून मागे ढकलतात. जितकं लवकर तितकं सोपं. पुन्हा होऊ नये म्हणून जांभई येताना मूठ हनुवटीखाली धरा.

11. कान दुखतो, पण ईएनटी डॉक्टर म्हणतात कान एकदम साफ आहे.

सांध्याची आणि कानापुढच्या भागाची संवेदना नेणारी नस एकच आहे, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. गंमत म्हणजे या दुखण्याला वैद्यकात जागा मिळवून दिली तीही एका कान-नाक-घसा तज्ज्ञानेच. 1934 मध्ये अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टन यांनी कानाची लक्षणं आणि जबडा यांची सांगड घातली. दाढा पडल्याने सांधा कानावर दाबला जातो, हे त्यांनी दिलेलं कारण पुढे टिकलं नाही. पण "कॉस्टन सिंड्रोम" हे नाव राहिलं आणि दाताला दोष द्यायची सवयही.

12. घरी काय करू? आणि काय खाऊ नको?

दोन-तीन आठवडे मऊ खाणं. महिनोन्‌महिने नको, स्नायू आळसावतात. पोहे चालतात, वरची शेव जरा भिजू द्या. भुट्ट्याचा कीस म्हणजे या दुखण्यासाठीच बनवल्यासारखा पदार्थ. भाजलेला भुट्टा मात्र पुढच्या दातांनी ओरबाडायचा, तो बंद. पाणीपताशा (पाणीपुरी) अख्खा तोंडात जावा लागतो, म्हणून तोही बंद. लोक इथेच नाराज होतात. चिक्की, ऊस, च्युइंग गम, जेवणानंतरची सुपारी नको. पोळी वरणात कुस्करून, सफरचंद फोडी करून.

ओलसर गरम टॉवेल 15-20 मिनिटं, गालावर आणि कानशिलावर. ताज्या मारावर मात्र बर्फ. नंतर व्यायाम: जिभेचं टोक प्रश्न 3 मधल्या "न"च्या जागी ठेवायचं आणि जीभ न सुटता जेवढं उघडेल तेवढंच तोंड उघडायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. उशीवर गाल दाबून पालथं झोपणं सोडा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात: दुखणं कमी करणारी गोळी काही दिवस, पोट आणि मूत्रपिंड ठीक असेल तर, डॉक्टरांना विचारून. "मसल रिलॅक्संट" वाली गोळी घेऊन गाडी चालवू नका.

13. नाईट गार्ड बनवू का? आणि चाव नीट बसवायला दात घासून घेऊ का?

दोन्ही एका मापाने मोजू नका. गार्ड काढून ठेवता येतो, घासलेला दात परत येत नाही.

2023 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तीन महिन्यांहून जुन्या जबडेदुखीसाठी मार्गदर्शिका आली. तिने जोर दिला तो विचार-वर्तन उपचारावर आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालच्या व्यायामावर व हाताने केलेल्या उपचारांवर. काढता-घालता येणाऱ्या गार्डच्या बाबतीत तिचा कल "नको"कडे आहे. दातांत कायमचे बदल करणाऱ्या गार्डना स्पष्ट नकार. मी अजूनही गार्ड बनवते, पण दात झिजू नयेत म्हणून, आणि तसं आधीच सांगते. सगळ्या दातांवर बसणारा, कडक ॲक्रिलिकचा, फक्त रात्री. चार-दोन दातांवरचा तुकडा बराच काळ लावला तर उरलेले दात सरकतात.

घासण्याबद्दल स्वतःचंच सांगते. शिकत असताना परीक्षेच्या दिवसांत माझा जबडा दुखायला लागला. एका वरिष्ठांनी निळा कागद चावायला दिला, दाढांवरचे ठिपके पाहून "इथे उंच आहे" म्हणाले आणि घासलं. पंधरा दिवसांनी परत घासलं. त्यानंतर कितीतरी महिने मला दात कुठे टेकवायचे तेच कळत नव्हतं, जीभ सतत तिथे जायची. परीक्षा संपली, दुखणं गेलं. घासलेलं एनॅमल गेलं ते गेलंच, त्या दाढेला अजून थंड झोंबतं. नव्या फिलिंगचा उंचवटा घासणं वेगळं, ते केलंच पाहिजे. दात वेडेवाकडे असतील तर ब्रेसेस दातांसाठी लावा, जबडेदुखी जाईल म्हणून नको.

14. बोटॉक्सने चेहरा बारीक होतो आणि दुखणंही जातं म्हणे?

औषध नसेकडून स्नायूला येणारा निरोप अडवतं, मॅसेटर दुबळा होतो आणि तीन-चार महिन्यांनी परत पूर्ववत होऊ लागतो. गाल बारीक दिसतो हे खरं. दुखण्यावरचे पुरावे डळमळीत आहेत, प्रश्न 13 मधल्या मार्गदर्शिकेचा कलही विरोधातच आहे. वरचेवर घेत राहिल्यास जबड्याच्या हाडावर परिणाम होण्याची शंका आहे. लग्नाच्या फोटोंसाठी घेत असाल तर तसं म्हणा, त्याला उपचाराचं नाव देऊ नका.

15. एमआरआय काढू का? ऑपरेशनची वेळ कधी येते?

चकती पाहायची तर एमआरआय, हाड पाहायचं तर सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), आणि दोन्ही निकालाने उपचार बदलणार असेल तरच. काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेली चकती दिसते.

ऑपरेशन क्वचित लागतं: हाडं एकमेकांना चिकटली, गाठ आहे, सांधा पार गेला, अशा वेळी. 1980च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेले तुकडे बसवत. ते झिजले, कणांमुळे आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं आणि 1990च्या सुमारास तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ते बाजारातून काढायला लावले. तेव्हापासून या सांध्यात सुरी घालताना शहाणे सर्जन दहादा विचार करतात.

इंदूरला सुरुवात कुठे करायची असं विचाराल तर शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी चांगली आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा. तिथे मुख वैद्यक विभाग विचारा. सोबत जबड्याचं काम येणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम.

16. कोणतं दुखणं जबड्याचं समजून अंगावर काढू नये?

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, कानशिलाला कंगवा लावला तरी दुखतं: कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण दृष्टी जाऊ शकते.

जिना चढताना जबडा दुखतो, सोबत छाती जड वाटते, घाम येतो: हृदय.

जखम झाल्यावर काही दिवसांनी दातखीळ बसते, मान ताठते: धनुर्वात.

ताप, सूज आणि गिळायला त्रास: पसरलेला संसर्ग. ब्रशने दात घासताना किंवा वारा लागताच विजेसारखी कळ: नसेचं दुखणं, ते न्यूरॉलॉजिस्टकडचं.

17. मुलगी सायकलवरून हनुवटीवर पडली. टाके घातले, आता बरी आहे. मग जबड्याचा एक्स-रे कशाला?

हनुवटीचा मार सरळ वर सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड मोडू शकतं. बाहेर फक्त टाके दिसतात. मुलांत ते लक्षात आलं नाही तर सांधा चिकटून बसण्याची भीती असते, मग तोंड उघडेनासं होतं आणि त्या बाजूचा जबडा वाढत नाही. एक्स-रे काढा, आणि पुढचे काही महिने तोंड किती उघडतं ते तिच्याच बोटांनी मोजत राहा.

18. दाढेचं रूट कॅनाल करायचंय, पण जबडा आधीच दुखतो. शिवाय मागच्या वेळी इंजेक्शननंतर तोंड उघडत नव्हतं.

मागचं आधी. खालच्या दाढेची भूल देताना सुई आतल्या टेरिगॉइड स्नायूतून गेली की तो एक-दोन दिवसांनी आखडतो. शेक आणि व्यायामाने काही आठवड्यांत सुटतो. सूज-ताप असेल तर प्रश्न 16.

रूट कॅनाल पुढे ढकलू नका, किडलेली दाढ वाट बघत नाही. वेळ घेतानाच जबड्याचं सांगून ठेवा. सकाळची वेळ आणि अर्ध्या तासाच्या बैठका मागा. दुसऱ्या बाजूच्या दाढांमध्ये रबरी ठोकळा ठेवायला सांगा, म्हणजे तोंड उघडं धरायला स्नायूंना जोर लावावा लागत नाही. मध्ये थांबायचं असेल तेव्हा डावा हात वर करायचा, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. तोंडात ठोकळा असताना बोलता येत नाही.